गीताचे मोल आणि रचनाकाराचा वाटा

कृष्णाकाठचे रेठरे हरणाक्ष हे गाव वाळवे तालुक्यातले. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, पुढे त्यासच सांगली हे नाव मिळाले, आणि गाव सांगलीकडे गेले. या गावच्या कुलकर्ण्यांच्या घरी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस पठ्ठे बापूराव या नावाने ओळखतो. कुळकर्णपणाचे घर सोडून ते तमाशाच्या फडात उतरले, पवळाबाईंच्या जोडीने त्यांनी फड गाजविला, आणि त्यांच्या लावण्या त्यांच्या हयातीतच गावोगावच्या गळ्यांत जाऊन बसल्या. तथापि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला, तो अत्यंत हलाखीच्या स्थितीत.

लावणीच्या अखेरच्या कडव्यात रचणाऱ्याने आपले नाव गुंफावे, अशी शाहिरांची जुनी रीत आहे. बापूरावांनीही ती पाळली. त्यामुळे ती लावणी कोणीही गायिली तरी शेवटी बापूरावांचे नाव घेतल्याखेरीज ती पुरी होत नसे. नावाची अशी पक्की तरतूद त्यांनी केली होती. परंतु त्या नावामागून चार पैसे रचणाऱ्याच्या घरी चालत यावेत, अशी तरतूद त्या काळी कोणापाशीच नव्हती. स्वतःचा फड उभा असेतो कमाई होती. फड मोडला की गीते लोकांची आणि दारिद्र्य कवीचे. हे असे का व्हावे, आणि आज ते टाळण्याचा काही मार्ग आहे काय, हा प्रश्न या प्रांतातील प्रत्येक शाहिराच्या, कवीच्या आणि चाली बांधणाऱ्याच्या संसाराशी निगडित आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, गीत ही वस्तू इतर वस्तूंसारखी नाही. सांगलीच्या पेठेतील हळदीचे पोते एकदा विकले की ते घेणाऱ्याचे झाले; ते पुन्हा विकता येत नाही. गीताचे तसे नाही. एकाने गायिले म्हणून ते सरत नाही, उलट गाइल्याने वाढते. एकाच संध्याकाळी ते साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात, सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात आणि मुंबईच्या एखाद्या उपाहारगृहात गाइले जाऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या जोरावर कोणी ना कोणी पैसे मिळवीत असतो. तिकीट विकणारा मिळवितो, वाजविणारा मिळवितो, चहा विकणाराही मिळवितो. मग ज्याच्या डोक्यातून ते गीत निघाले त्याचा या मिळकतीत काही वाटा असावा की नसावा? असावा, असे कायद्याचे उत्तर आहे. लोकांपुढे केलेल्या प्रत्येक प्रयोगाबद्दल रचनाकारास मिळणाऱ्या या वाट्यास स्वामित्वधन, किंवा नित्याच्या बोलण्यातील शब्दाने रॉयल्टी, असे म्हणतात.

या विचाराचा उगम पॅरिस शहरात झाला, असे सांगतात. १८४७ साली अर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार आपल्या दोन संगीतकार मित्रांसह तेथील एका उपाहारगृहात बसला असता, त्यांचीच गीते तेथे वाद्यवृंद वाजवीत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. घेतलेल्या पेयांचे पैसे देण्याचे त्यांनी नाकारले. ‘आमच्या गीतांचे तुम्ही काही देत नाही, मग तुमच्या पेयाचे आम्ही का द्यावे?’ असा त्यांचा रोकडा सवाल होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल गीतकाराच्या बाजूने लागला. परंतु निकाल हाती आला तरी एका माणसाने शहरातील प्रत्येक उपाहारगृहाच्या दारी जाऊन वसुली कशी करावी? म्हणून १८५१ साली गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांनी मिळून एक संस्था काढली. संस्थेने सर्वांच्या वतीने पैसे गोळा करावेत आणि ज्याचे त्यास वाटून द्यावेत, अशी ही योजना होती. आज जगभर जी पद्धत चालते तिचा पाया हाच.

आता गीतात वाटेकरी कोण कोण असतात ते पाहू. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ हे नाटक १९११ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील पदांचे शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि ती गाइली नटांनी. श्रोत्यास पद एकच ऐकू येते. कायद्याच्या दृष्टीने मात्र शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी कृती, आणि गायन ही तिसरी गोष्ट. तेच पद तबकडीवर उतरविले की ध्वनिमुद्रण ही चौथी कृती जन्मास येते, आणि ते मुद्रण ज्याने पुढाकार घेऊन व खर्च सोसून केले तो निर्माता तिचा कर्ता ठरतो.

या प्रत्येकाच्या हक्काची मुदतही निराळी असते. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षे टिकतो. खाडिलकर १९४८ साली निवर्तले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २००८ च्या अखेरीस संपला. टेंबे १९५५ साली गेले, म्हणून चालींवरील हक्क २०१५ च्या अखेरपर्यंत चालला. म्हणजे मधली सात वर्षे एकाच पदाचे शब्द सर्वांना मोकळे होते, परंतु चाल मोकळी नव्हती! ध्वनिमुद्रणाची मुदत मृत्यूवरून न मोजता, ते प्रसिद्ध झाल्याच्या वर्षानंतर ६० वर्षे अशी मोजतात. गाणाऱ्याचा हक्क ५० वर्षांचा असतो.

कायदा आपल्याकडे नव्हता असे नव्हे. इंग्रजी अमदानीत १९१४ साली जो स्वामित्वहक्काचा कायदा झाला त्यातही कृती लोकांपुढे सादर करण्याचा हक्क कर्त्याचा मानला होता. त्या साली बापूरावांचे वय ४८ होते. अर्थात हक्क कागदावर होता. तो वसूल करणारा हात नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कायदा झाला व तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. पुढे १९६९ साली मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था स्थापन झाली, आणि तो हात निर्माण झाला. तबकडी कंपन्यांनी आपल्या ध्वनिमुद्रणांसाठी अशी व्यवस्था १९४१ सालीच केली होती. फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड असे त्या संस्थेचे नाव. दुकानदार पुढे आणि कवी अठ्ठावीस वर्षे मागे, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

परंतु हात लाभला तरी मार्गात मोठी धोंड होती, ती चित्रपटाच्या करारांची. चित्रपटाचा निर्माता कवीस बोलावून गीत लिहवून घेई, ठरलेली रक्कम हातावर ठेवी, आणि व्यवहार संपे. आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांसारख्या कवींचे पुष्कळसे गीतलेखन चित्रपटांसाठीच झालेले आहे. वाळवे तालुक्यातीलच येडेनिपाणीचे पी. सावळाराम यांची गीते तबकड्यांवरून घरोघरी पोचली. अशा गीतांच्या प्रयोगाचे स्वामित्वधन कवीचे की पैसे देऊन ते लिहविणाऱ्याचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पूर्व भारतातील चित्रपटव्यावसायिकांच्या संघाविरुद्ध सोसायटीने चालविलेल्या त्या खटल्याचा निकाल मार्च १९७७ मध्ये लागला. मोबदला देऊन जे गीत निर्मात्याने करवून घेतले त्याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच होय, असे न्यायालयाने ठरविले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माडगूळकर निवर्तले. या निकालाने चित्रपटगीतांच्या कवींची आणि संगीतकारांची आशा पुढील पस्तीस वर्षे मावळल्यासारखी झाली.

ही स्थिती २०१२ साली पालटली. त्या वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली व २१ जूनपासून जी अंमलात आली, तिच्यासाठी गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत कसून प्रयत्न केले होते. या दुरुस्तीचे मर्म असे : गीतकार आणि संगीतकार यांनी आपला हक्क निर्मात्यास किंवा कंपनीस लिहून दिला, तरीही पुढील स्वामित्वधनात समान वाटा मागण्याचा त्यांचा अधिकार शिल्लक राहतो. हा अधिकार त्यांना विकता येत नाही, सोडूनही देता येत नाही. तो फक्त आपल्या वारसांकडे किंवा वसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे देता येतो. गरजेपोटी कवीने कोऱ्या कागदावर सही केली तरी त्याच्या लेकराबाळांचा घास जाऊ नये, हा यामागचा हेतू. एक अपवाद मात्र आहे. चित्रपटगृहात चित्रपट चालू असता त्यातील गीत वाजले, तर त्याबद्दल हा वाटा मागता येत नाही. चित्रपटगृहाबाहेर तेच गीत नभोवाणीवर, दूरचित्रवाणीवर, उपाहारगृहात किंवा वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात वाजले की वाटा उत्पन्न होतो. नव्या नियमांस अनुसरून सोसायटीची नोंदणी २०१७ साली पुन्हा झाली.

नभोवाणीविषयी मात्र वाद राहिलाच. ध्वनिमुद्रण वाजविण्याची परवानगी तबकडीच्या मालकाकडून घेतली असता आतील शब्दांबद्दल आणि चालीबद्दल निराळे काय द्यावयाचे, असे खासगी नभोवाणी कंपन्यांचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी दिलेल्या अंतरिम निर्णयात हे म्हणणे मान्य केले नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रण वाजले की आतील शब्द आणि चालही वाजते, आणि त्यांच्या कर्त्यांचा वाटा देणे प्राप्त आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

आता प्रत्यक्ष पैसा कोणत्या वाटेने फिरतो ते उदाहरणाने पाहू. समजा, सांगलीत एका संयोजकाने तिकीट लावून मराठी गीतांचा कार्यक्रम केला आणि सोसायटीकडून परवाना घेतला. हिशेब सोपा व्हावा म्हणून परवान्याची रक्कम १२,००० रुपये धरू, आणि त्यातून व्यवस्थेचा खर्च २,००० रुपये वजा करू. उरले १०,०००. कार्यक्रमात २० गीते झाली, म्हणजे दर गीतामागे ५०० रुपये आले. सामान्यतः यातील निम्मे, म्हणजे २५० रुपये, ज्याच्या नावे हक्क लिहून दिला आहे त्या कंपनीस जातात. उरलेल्या निम्म्यातून १२५ गीतकारास व १२५ संगीतकारास मिळतात. गीतकार व संगीतकार यांनी आपला हक्क कोणासच लिहून दिला नसेल, तर सर्व ५०० रुपये त्या दोघांतच वाटले जातात. रक्कम लहान दिसते. परंतु तेच गीत वर्षभरात शेकडो ठिकाणी, नभोवाणीवर व दूरचित्रवाणीवर वाजत असेल तर थेंबाथेंबाने घडा भरतो, आणि कवी वृद्ध झाल्यावर, किंबहुना तो गेल्यावरही, भरत राहतो.

या साऱ्या हिशेबाची किल्ली एका साध्या कागदात आहे : कोणती गीते झाली त्याची यादी. संयोजकाने परवान्याचे पैसे भरले पण यादी दिली नाही, तर ते पैसे कोणाचे हे संस्थेस कसे कळावे? मग अंदाजाने वाटणी करावी लागते, आणि अंदाजात नेहमी मोठी नावे वर येतात व लहान नावे तळाशी जातात. यादी दिली, परंतु तीत गायकाचे नाव आहे आणि कवीचे नाही, तरीही गोंधळच. मराठी घरांतून गीत ओळखण्याची रीतही बहुधा गायकाच्या नावाने असते. अमक्या बाईंचे गाणे म्हणून आपण ते सांगतो. ते लिहिले कोणी हे विचारण्याचे सुचत नाही.

संगीतक्षेत्रातील आणखी एका वर्गाने या ठिकाणी विशेष सावध राहावे. हल्ली कित्येक तरुण घरच्या घरी यंत्रांच्या साह्याने वाद्यमेळ रचून गीत सिद्ध करतात. व्यवसायात त्यांना म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. कायद्यातील ध्वनिमुद्रणाचा निर्माता तो नव्हे. तेथे निर्माता म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तेव्हा चाल बांधण्यात ज्या तरुणाचा खरोखर भाग आहे, त्याने संगीतकार म्हणून आपले नाव आणि आपला हिस्सा प्रारंभीच लेखी ठरवून घ्यावा. तसे न केल्यास त्याला कामाची मजुरी तेवढी मिळेल. पुढील प्रयोगांचा वाटा मिळणार नाही. मुद्रणाचा खर्चही त्यानेच सोसला असेल, तर निर्माता या नात्याने त्याचा दुसराही हक्क उभा राहतो. गायकांनाही २०१२ च्या दुरुस्तीने वाटा दिला असून त्यांची वसुली करणारी निराळी संस्था आहे.

येथे सामान्य गृहस्थाच्या मनात शंका येईल की, मग घरात गाणे लावले तरी पैसे द्यावे लागतील काय? तसे नाही. कायदा लोकांपुढील प्रयोगाचा विचार करतो, घरच्या माजघराचा नव्हे. शिवाय काही प्रसंगांना स्पष्ट सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत सादर केलेल्या गीतांस स्वामित्वधन लागत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी संबंधित समारंभ यांचा समावेश कायद्याने त्यातच केला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला किंवा धार्मिक संस्थेच्या साह्यार्थ केलेला गायनाचा प्रयोगही मोकळा आहे. म्हणजे जेथे गीताच्या जोरावर धंदा होतो, तेथेच मुख्यतः मागणी होते. यात अन्याय तो कोणता?

तसेच ज्या ओव्या, भारुडे आणि गवळणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, त्या सर्वांच्या आहेत. बापूरावांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्याही २००५ च्या अखेरीस मुदत संपून मोकळ्या झाल्या. त्या आज कोणीही गाव्यात. मात्र त्या लावणीचे कोणी नवे ध्वनिमुद्रण केले तर त्या मुद्रणाचा हक्क त्याचा होतो. लावणी मोकळी आणि तिची तबकडी बांधलेली, असा हा प्रकार आहे.

राहता राहिला मुख्य प्रश्न : आजच्या शाहिराने करावे काय? कायद्याच्या दृष्टीने हक्क गीत रचून लिहिताक्षणीच उत्पन्न होतो. त्यासाठी सरकारी नोंदणीची सक्ती नाही. परंतु हक्क असणे वेगळे आणि पैसे हाती पडणे वेगळे. त्यासाठी वसुली करणाऱ्या संस्थेचे सभासद झाले पाहिजे. आपले प्रत्येक गीत तिच्या नोंदवहीत चढविले पाहिजे. त्यासोबत संगीतकाराचे नाव, कोणाचा हिस्सा किती आणि हक्क कोणास लिहून दिला असल्यास त्याचे नाव, हा सर्व तपशील दिला पाहिजे. करारावर सही करण्यापूर्वी तो वाचला पाहिजे आणि त्याची प्रत घरी ठेवली पाहिजे. वारस कोण हे सांगून ठेवले पाहिजे, कारण कवीमागे ६० वर्षे चालणारा हा हक्क म्हणजे बहुधा त्याने मागे ठेवलेली एकुलती एक मिळकत असते. आणि जे कवी गेले आहेत त्यांच्या मुलानातवंडांनी जुन्या पेट्यांतील वह्या, करारपत्रे आणि तबकड्यांची वेष्टने रद्दीत घालण्यापूर्वी एकदा नीट पाहावीत.

संयोजकांचे आणि मंडळांचे कर्तव्य याहून सोपे आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेत गायकाच्या नावाखाली गीतकाराचे व संगीतकाराचे नाव छापावे, आणि तीच यादी परवान्यासोबत द्यावी. सूत्रधाराने गीतापूर्वी ती दोन नावे उच्चारावीत. यास एक पैसा पडत नाही.

पठ्ठे बापूरावांनी आपले नाव लावणीच्या शेवटच्या कडव्यात बांधून ठेवले, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही ते पुसले गेले नाही. त्यांना त्या काळी तेवढेच करता येण्यासारखे होते, आणि ते त्यांनी केले. आजच्या रचनाकाराला आणखी एक जागा उपलब्ध आहे. गीताच्या कडव्यात नाव असो वा नसो, नोंदवहीत ते असले पाहिजे. कडव्यातील नावाने कीर्ती राहते. नोंदवहीतील नावाने घरची चूल पेटती राहते. कृष्णा-वारणेच्या काठी गीते रचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. त्यांच्यापैकी पुढच्या कोणासही कीर्तीच्या शिखरावर असता उपाशी निजण्याची पाळी येऊ नये, एवढी दक्षता गाणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी आणि स्वतः रचणाऱ्यांनी घेतली, तर बापूरावांचे ऋण थोडेफार फिटले असे म्हणता येईल.